वाचकांचे प्रश्न : द्रावणाची मोलॅरिटी काढताना

मोलॅरिटीवर आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. प्रश्न विचारणारे विद्यार्थी आहेत, प्रयोगशाळेतले कर्मचारी आहेत आणि द्राक्षबागायतदारही आहेत. व्याख्या सर्वांना ठाऊक आहे : एक लिटर तयार द्रावणात विरघळलेल्या पदार्थाचे जितके मोल असतील, तितकी त्या द्रावणाची मोलॅरिटी (पदार्थाच्या रेणुवस्तुमानाइतके ग्रॅम म्हणजे एक मोल). पत्रे वाचताना असे दिसले की भागाकारात सहसा कोणी चुकत नाही. बाटलीत नेमके काय आहे आणि लिटर नेमका कशाचा धरायचा, या दोन गोष्टी ठरवताना गाडी अडते. म्हणून उत्तरांत सूत्रापेक्षा या दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : ०.१ मोलर ऑक्झॅलिक आम्लाचे २५० मिलिलिटर द्रावण करण्यासाठी ३.१५ ग्रॅम आम्ल तोलावे, असे आमच्या प्रयोगवहीत दिले आहे. मी रेणुसूत्रावरून रेणुवस्तुमान काढले तर ते ९० येते आणि त्यावरून वजन २.२५ ग्रॅम येते. वहीतला आकडा चुकीचा आहे का? (बारावीची विद्यार्थिनी, कराड)

उत्तर : आपली आकडेमोड बरोबर आहे आणि वहीतला आकडाही बरोबर आहे. फरक पदार्थात आहे. आपण निर्जल ऑक्झॅलिक आम्लाचे रेणुवस्तुमान काढलेत, ते ९०.०३ आहे. प्रयोगशाळेतल्या बाटलीत मात्र जवळजवळ नेहमीच स्फटिकरूप आम्ल असते आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर स्फटिकजलाचे दोन रेणू असतात. त्या दोन पाण्यांसह रेणुवस्तुमान १२६.०७ होते. आपल्याला ०.१ गुणिले ०.२५०, म्हणजे ०.०२५ मोल आम्ल हवे आहे. ०.०२५ ला १२६.०७ ने गुणले की ३.१५२ ग्रॅम हे उत्तर येते. बाटलीच्या लेबलवर ‘डायहायड्रेट’ हा शब्द आणि रेणुवस्तुमानाचा आकडा छापलेला असतो. वजनकाट्याकडे जाण्यापूर्वी तो वाचून वहीत उतरवून घ्यावा.

समजा, आपण स्फटिकरूप आम्लच २.२५ ग्रॅम तोलले असते, तर द्रावण ०.१ मोलर न होता ०.०७१ मोलर झाले असते. या द्रावणाने पुढे पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन (ब्युरेट या मोजनळीतून थेंबाथेंबाने द्रावण सोडून तीव्रता काढण्याची रीत) केले आणि आम्ल ०.१ मोलर आहे असे धरून गणित मांडले, तर परमँगनेटची मोलॅरिटी खऱ्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसली असती, आणि ब्युरेटची तीनही वाचने एकमेकांशी तंतोतंत जुळत असल्यामुळे कोणाला शंकाही आली नसती.

आता लिटरविषयी. तोललेल्या आम्लात २५० मिलिलिटर पाणी ओतायचे नसते, तर सगळे द्रावण मिळून २५० मिलिलिटर करायचे असते. आम्ल चंचुपात्रात साधारण १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावे, नरसाळे आणि काचकांडी लावून ते स्टँडर्ड फ्लास्कमध्ये ओतावे, चंचुपात्र दोन-तीन वेळा थोड्या थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही फ्लास्कमध्येच घालावे आणि मग खुणेपर्यंत पाणी भरावे. शेवटचे थेंब ड्रॉपरने सोडावेत. डोळे खुणेच्या पातळीवर ठेवून द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाचा खालचा बिंदू खुणेला टेकला की थांबावे आणि बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटासुलटा करावा. खुणेच्या वर पाणी गेले तर वरचे द्रावण पिपेटने काढून टाकून उपयोग नाही, कारण त्याबरोबर आम्लही जाते. अशा वेळी द्रावण नव्याने करावे.

द्रावण पातळ असले की या दोन रीतींतला फरक डोळ्यांत भरत नाही, म्हणून साखरेचे उदाहरण घेऊ. साखरेचे रेणुवस्तुमान ३४२.३ आहे. इतके ग्रॅम साखर एक लिटर पाण्यात टाकली, तर द्रावणाचे आकारमान सव्वा लिटरच्या किंचित खाली जाते आणि मोलॅरिटी १ न राहता सुमारे ०.८२ भरते. साध्या मिठाच्या बाबतीत हीच चूक दोन टक्क्यांच्या आसपास राहते.

आणखी एक गोष्ट. काट्यावर ३.१५२ च्या जागी ३.१६८ ग्रॅम आले, तर चमच्याच्या टोकाने कण कण काढत बसू नये. ३.१६८ हेच वजन लिहावे आणि द्रावणाची मोलॅरिटी ०.१००५ आहे असे नोंदवावे. नेमके ३.१५२ वर काटा आणण्याचा आग्रह काही शिक्षक धरतात. त्यात तास जातो आणि अचूकता काडीइतकीही वाढत नाही. मोलॅरिटी नेमकी ठाऊक असणे महत्त्वाचे असते, ती गोल आकड्यात असण्याची गरज नसते. फ्लास्कच्या अंगावर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असे तापमानही छापलेले असते. त्याचा अर्थ असा की खुणेपर्यंतचे आकारमान त्या तापमानाला खरे धरायचे. द्रावण कोमट असताना खुणेपर्यंत भरले तर निवल्यावर ते खाली उतरते.

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर मोलॅरिटी लिहिलेली नसते. त्याचे रेणुवस्तुमान ३६.४६ आहे म्हणून मी ३६.४६ मिलिलिटर आम्ल घेऊन एक लिटर द्रावण केले. ते १ मोलर व्हायला हवे होते, पण टायट्रेशनमध्ये त्याची ताकद निम्म्याहूनही कमी निघाली. मला १ मोलरचे ५०० मिलिलिटर द्रावण हवे आहे. किती आम्ल घ्यावे? (प्रयोगशाळा साहाय्यक, लातूर)

उत्तर : ३६.४६ हे ग्रॅम आहेत, आणि तेही शुद्ध हायड्रोजन क्लोराइडचे. बाटलीतला द्रव शुद्ध हायड्रोजन क्लोराइड नसून त्या वायूचे पाण्यातले द्रावण आहे. त्यामुळे आधी बाटलीतल्या आम्लाचीच मोलॅरिटी काढावी लागते आणि त्यासाठी लागणारे दोन आकडे लेबलवर असतात : वजनी टक्केवारी आणि घनता. आपल्या बाटलीवर ३७ टक्के आणि प्रति मिलिलिटर १.१९ ग्रॅम असे छापले आहे, असे धरू.

एक लिटर आम्लाचे वजन १,१९० ग्रॅम. त्यातले ३७ टक्के, म्हणजे ४४०.३ ग्रॅम, हायड्रोजन क्लोराइड. त्याला ३६.४६ ने भागले की १२.०८ मोल येतात. म्हणजे बाटलीतले आम्ल सुमारे १२ मोलर आहे. येथे पुष्कळांचा पाय घसरतो तो घनता विसरल्यामुळे. एक लिटरचे ३७ टक्के म्हणून ३७० ग्रॅम धरले की उत्तर १०.१५ येते. टक्केवारी वजनाची असल्यामुळे लिटरचे आधी वजन करून घेतलेच पाहिजे. आपण घेतलेल्या ३६.४६ मिलिलिटरमध्ये फक्त ०.४४ मोल होते, आणि टायट्रेशनने तेच आपल्याला सांगितले.

आता विरलीकरण. मूळ मोलॅरिटी गुणिले मूळ आकारमान बरोबर नवी मोलॅरिटी गुणिले नवे आकारमान, कारण पाणी घातल्याने मोल बदलत नाहीत. ५०० मिलिलिटर १ मोलर द्रावणाला ०.५ मोल लागतात. ०.५ ला १२.०८ ने भागले की ०.०४१४ लिटर, म्हणजे ४१.४ मिलिलिटर येतात. मोजनळीने ४२ मिलिलिटर घ्यावे. थोडे जास्त घेण्याचे कारण पुढे येते. आधी ३०० मिलिलिटर पाणी घ्यावे, त्यात आम्ल हळूहळू ढवळत सोडावे, द्रावण खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे आणि मग ५०० पर्यंत भरावे. हे काम धूरकपाटात, हातमोजे आणि चष्मा घालून करावे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही ओतायचे नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत तर हा नियम मोडल्यास द्रव उसळून अंगावर येतो. त्याचा हिशेबही येथेच देतो : ९८ टक्के, घनता १.८४, रेणुवस्तुमान ९८.०८. लिटरमध्ये १,८०३ ग्रॅम शुद्ध आम्ल, म्हणजे सुमारे १८.४ मोलर.

इतके करूनही तयार झालेले द्रावण ‘सुमारे १ मोलर’ असते, नेमके १ मोलर नसते. बाटली उघडली की पांढरा धूर दिसतो, तो हायड्रोजन क्लोराइड निसटत असल्यामुळे. वर्षभर वापरात असलेल्या बाटलीतले आम्ल लेबलइतके तीव्र राहत नाही. म्हणून सोडियम कार्बोनेटने द्रावण पडताळून घ्यावे. निर्जल, भाजून कोरडे केलेले आणि शोषपात्रात थंड केलेले सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम घेऊन २५० मिलिलिटर करावे. त्याचे रेणुवस्तुमान १०५.९९ आहे, म्हणून हे द्रावण ०.०५ मोलर होते. आपल्या आम्लाचे नेमके दहापट विरलीकरण करून ते ब्युरेटमध्ये भरावे. शंकुपात्रात पिपेटने २५ मिलिलिटर कार्बोनेट घ्यावे आणि मिथिल ऑरेंजचे दोन थेंब टाकावेत. पिवळा रंग नारिंगी झाला की थांबावे, गुलाबी-लाल होईपर्यंत गेलात तर अंतिम बिंदू ओलांडला असे समजावे.

समजा, ब्युरेटचे वाचन २४.४ मिलिलिटर आले. येथे ‘एम-एक व्ही-एक बरोबर एम-दोन व्ही-दोन’ हे सूत्र जसेच्या तसे लावले तर आम्लाची मोलॅरिटी ०.०५१ येईल आणि ती साफ चुकीची असेल. ते सूत्र एकाच द्रावणाच्या विरलीकरणाचे आहे. दोन पदार्थांची अभिक्रिया होते तेव्हा समीकरण पाहावे लागते आणि सोडियम कार्बोनेटच्या एका मोलला हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन मोल लागतात. कार्बोनेटचे १.२५ मिलिमोल, म्हणून आम्लाचे २.५ मिलिमोल. २.५ ला २४.४ ने भागले की ०.१०२५ मोलर, आणि दहापट केले की मूळ द्रावण १.०२५ मोलर. ४१.४ ऐवजी ४२ मिलिलिटर घ्यायला सांगितले ते यासाठीच. द्रावण किंचित तीव्र निघाले तर मोजके पाणी घालून ते नेमके १ मोलर करता येते, पण पातळ निघाले तर पुन्हा बाटलीकडे जावे लागते. जुन्या पिढीतले शिक्षक मोलॅरिटीऐवजी नॉर्मॅलिटी वापरत आणि त्यात हा दुपटीचा हिशेब आधीच मिसळलेला असे, म्हणून त्यांना ते साधे सूत्र सगळीकडे चालत असे. सूत्र वारशाने आले आणि नॉर्मॅलिटी मागे राहिली, हे या गोंधळाचे मूळ आहे असे मला वाटते.

प्रश्न : द्राक्षबागेसाठी आम्ही एक टक्का बोर्डो मिश्रण करतो. १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना लागतो. महाविद्यालयात शिकणारा माझा मुलगा म्हणतो की मोरचुदाची मोलॅरिटी ०.०६ आहे, तर त्याचा मित्र ०.०४ सांगतो. कोणाचे खरे? (द्राक्षबागायतदार, निफाड)

उत्तर : मित्राचे. निळेशार मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू असलेले स्फटिक, रेणुवस्तुमान २४९.६९. एक हजार ग्रॅमला २४९.६९ ने भागले की सुमारे ४ मोल आणि ते १०० लिटरमध्ये, म्हणून ०.०४ मोलर. आपल्या मुलाने निर्जल कॉपर सल्फेटचा १५९.६१ हा आकडा घेतला असावा. ते पांढरे असते आणि पाणी लागताच निळे पडते. पोत्यातला माल निळा असेल तर प्रश्नच उरत नाही.

मात्र ०.०४ हा आकडाही कागदावरचाच आहे. आपण मोरचूद एका पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवता आणि चुना दुसऱ्या पिंपात ५० लिटरमध्ये कालवता. तेव्हा पहिल्या पिंपात द्रावण ०.०८ मोलर असते. दोन्ही एकत्र केल्यावर तांब्याची चुन्याशी अभिक्रिया होऊन त्याची न विरघळणारी संयुगे बनतात आणि आकाशी रंगाचा गढूळ द्रव तयार होतो. त्यातले तांबे आता विरघळलेले नाही, ते पाण्यात तरंगणारे बारीक कण आहेत. मोलॅरिटी विरघळलेल्या पदार्थाचीच असते, त्यामुळे तयार बोर्डोत कॉपर सल्फेटची मोलॅरिटी जवळजवळ शून्य असते, आणि ती तशीच असायला हवी. विळ्याचे स्वच्छ पाते मिश्रणात थोडा वेळ धरल्यावर त्यावर तांबूस थर चढतो का, हे आपण पाहता. तो थर चढला तर विरघळलेले तांबे शिल्लक आहे आणि ते पाने करपवू शकते. पाते म्हणजे आपल्या हातातले मोलॅरिटी मोजण्याचे साधनच आहे, फक्त ते आकडा सांगत नाही.

चुन्याविषयी मोलॅरिटीची भाषाच वापरू नये. विरी गेलेला चुना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमसुद्धा विरघळत नाही, आणि आपल्या दुसऱ्या पिंपात लिटरला वीस ग्रॅम असतो. बाकी सगळी निवळी नव्हे, कालवण असते. फवारणीच्या दृष्टीने उपयोगाचा आकडा हवा असेल तर एकूण तांबे मोजावे : एक किलो मोरचुदात सुमारे २५५ ग्रॅम तांबे असते.

प्रश्न : जलसंजीवनीच्या पाकिटाच्या माहितीत ‘एकूण २४५’ असा आकडा असतो. घटकांच्या ग्रॅमची बेरीज मात्र २०.५ येते. २४५ कशाचे? (आशा कार्यकर्ती, नंदुरबार)

उत्तर : ते मिलिमोल आहेत, एका लिटरमधल्या सगळ्या विरघळलेल्या कणांचे मिळून. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. प्रत्येक वजनाला त्या त्या रेणुवस्तुमानाने भागावे. मिठाचे ५८.४४ ने भागून ४४.५ मिलिमोल येतात आणि पाण्यात त्यांचे सोडियम ४४.५ व क्लोराइड ४४.५ असे दोन भाग होतात. सायट्रेटचे २९४.१ ने भागून ९.९ येतात, पण त्याच्या एका रेणूत सोडियम तीन असल्यामुळे त्यातून सोडियम आणखी २९.६ मिळते. पोटॅशियम क्लोराइडचे ७४.५५ ने भागून २०.१ येतात आणि तितकेच क्लोराइड त्यातूनही मिळते. ग्लुकोजचे १८०.१६ ने भागून ७४.९ येतात आणि त्याचे तुकडे होत नाहीत. पाकिटावर हे आकडे सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २० आणि सायट्रेट १० असे दिलेले असतात. त्यांची बेरीज २४५.

यात पाहण्यासारखी गोष्ट आहे ती सोडियम आणि ग्लुकोज यांची बरोबरी. ग्रॅममध्ये पाहिले तर ग्लुकोज साडेतेरा आणि सोडियम जेमतेम पावणेदोन, कुठे काही जुळत नाही. मोलमध्ये मात्र ते समसमान आहेत आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहेत, कारण लहान आतड्यात सोडियम ग्लुकोजच्या सोबतीने शोषला जातो आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत ओढले जाते. आतड्याच्या भिंतीला ग्रॅम कळत नाहीत, कणांची संख्या कळते.

यावरून आपल्या कामाचा एक हिशेब. लिटरचे पाकीट एखाद्या घरात २०० मिलिलिटरच्या पेल्यात रिकामे केले, तर प्रत्येक घटकाची मोलॅरिटी पाचपट होते. सोडियम ३७५ मिलिमोलवर जातो, तर रक्तातले त्याचे प्रमाण १३५ ते १४५ मिलिमोल असते. असे तीव्र पाणी पोटात गेल्यास शरीरातलेच पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि बाळाची तहान भागण्याऐवजी वाढते. लहान पाकिटेही मिळतात, म्हणून त्यावर किती पाणी लिहिले आहे ते दर वेळी पाहून तेवढेच पाणी मोजून घ्यायला सांगावे.

प्रश्न : माझे आईवडील पुण्याहून कळवतात की उपाशीपोटी साखर १२६ आली. येथे माझी ७.० येते आणि डॉक्टर तीच मधुमेहाची सीमा सांगतात. या दोन आकड्यांचा मेळ कसा घालायचा? (वाचक, लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : दोन्ही आकडे एकच आहेत. भारतात रक्तशर्करा १०० मिलिलिटर रक्तद्रवातल्या मिलिग्रॅममध्ये सांगतात, तर ब्रिटनमध्ये लिटरमधल्या मिलिमोलमध्ये, म्हणजे थेट मोलॅरिटीत. १२६ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, म्हणून लिटरमध्ये १,२६० मिलिग्रॅम. त्याला ग्लुकोजच्या १८० ने भागले की ७. थोडक्यात, पुण्याच्या आकड्याला १८ ने भागावे. हा १८ मात्र फक्त ग्लुकोजचा आहे. कोलेस्टेरॉलचा रेणू दुपटीहून जड असल्यामुळे तेथे ३८.७ ने भागावे लागते, म्हणून पुण्यातले २०० म्हणजे आपल्याकडचे सुमारे ५.२. क्रिएटिनीन तर ब्रिटनमध्ये मायक्रोमोलमध्ये देतात आणि तेथे भागायचे नसून ८८.४ ने गुणायचे असते : पुण्यातले १.० म्हणजे आपल्या अहवालातले ८८.